उत्क्रांतीवादी मानसशास्त्र आणि स्त्रीवाद: भांडण नेमके कशावरून आहे?

अर्धविराम (धागाकर्ती)

गेल्या सत्रात मी पदवीच्या वर्गाला जोडीदाराच्या निवडीवरचे संशोधन शिकवत होते. फळ्यावर दोन टेकड्यांसारखे आलेख काढले, त्यांचा बराचसा भाग एकमेकांवर येतो हे खडूने रेघा मारून दाखवले, आणि सांगितले की काही आवडीनिवडींत स्त्रीपुरुषांच्या सरासरींमध्ये फरक आढळतो व त्याचे एक स्पष्टीकरण उत्क्रांतीतून दिले जाते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले, "मॅडम, म्हणजे हे नैसर्गिकच झाले ना?" त्याच्या मागे बसलेल्या मुलीने वही मिटली आणि म्हणाली, "हे खरे असेल, तर मग आम्ही भांडायचे कशासाठी?"

त्या दोघांचे एकमेकांशी अजिबात पटले नसते, पण माझ्या वाक्याचा अर्थ दोघांनी अगदी एकच लावला होता. जे उत्क्रांतीतून आले ते बदलत नाही, आणि जे बदलत नाही ते मान्य करावे लागते, असा तो अर्थ. एकाला तो सोयीचा वाटला, दुसरीला जाचक. मला वाटते, उत्क्रांतीवादी मानसशास्त्र (मनाच्या प्रवृत्ती उत्क्रांतीतून कशा घडल्या याचा अभ्यास) आणि स्त्रीवाद या दोन्ही ज्ञानशाखांमधला अर्धा वाद या मुकाट्याने धरलेल्या अर्थावरच चालतो, आणि तो अर्थ मुळातच चुकीचा आहे. पायाला घट्टे पडण्याची क्षमता उत्क्रांतीतून आलेली आहे, पण घट्टे पडतील की नाही हे चप्पल घालण्यावर ठरते.

उरलेल्या अर्ध्या वादासाठी प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिंबर्गन यांनी १९६३ साली केलेली मांडणी उपयोगी पडते. कोणत्याही वर्तनाबद्दल 'का' विचारले की त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात: ते आत्ता कशामुळे घडते, आयुष्यात कसे विकसित होते, त्याने जगण्यात व प्रजननात काय फायदा झाला, आणि वंशाच्या इतिहासात ते कुठून आले. शारीरिक धोका पत्करण्याचे उदाहरण घ्या. स्त्रिया सरासरीने तो कमी पत्करतात. स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात की मुलींना लहानपणापासून जपून राहायला शिकवले जाते आणि धाडस अंगाशी आले तर त्यांना शिक्षाही जास्त होते. अॅन कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये मांडले की आईच्या जिवंत राहण्यावर मुलाचे जगणे अधिक अवलंबून असल्यामुळे माद्यांमध्ये जीव सांभाळण्याला निवडीचे बळ मिळाले, म्हणजे तो गुण पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. पहिले उत्तर विकासाच्या प्रश्नाचे आहे, दुसरे फायद्याच्या प्रश्नाचे. एक खरे ठरले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

तेव्हा माझा कच्चा निष्कर्ष असा की दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि समेट शक्य आहे. पण हे इतके सोपे असते तर पन्नास वर्षे वाद चालला नसता, म्हणून धागा काढला. जाणकारांनी कान धरावा.

पानगळ

धाग्याचा विषय आवडला, निष्कर्ष आवडला नाही.

प्रश्नांची अशी वाटणी ऐकायला समंजस वाटते. पण वाटणीनंतर कोणाच्या हाती काय राहते ते पाहा. 'मुळात का' हा प्रश्न उत्क्रांतीवाद्यांकडे गेला आणि 'आज इथे कसे' हा स्त्रीवाद्यांकडे आला. म्हणजे घराचा पाया त्यांचा आणि रंगकाम आमचे. स्त्रीवादी आक्षेप रंगाविषयी कधीच नव्हता. पाया खणताना कोणते दगड उचलले आणि कोणते बाजूला टाकले, याविषयी तो होता व आहे.

हा आक्षेप जुना आहे. डार्विन यांनी १८७१ साली लैंगिक निवडीचा (जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून काही गुण टिकतात, हा) सिद्धांत सविस्तर मांडला आणि त्यातच पुरुष बुद्धीने वरचढ झाल्याचेही लिहिले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी पुस्तक लिहून दाखवले की नरांमध्ये विकसित झालेल्या गुणांची यादी डार्विन यांनी बारकाईने केली, पण माद्यांमध्ये त्याच तोलाने विकसित झालेल्या गुणांची यादीच केली नाही. लक्षात घ्या, ब्लॅकवेल उत्क्रांती नाकारत नव्हत्या. हिशेबाच्या वहीचे एक पान कोरे राहिले आहे, एवढेच त्या म्हणत होत्या. गंमत अशी की माद्या जोडीदार निवडतात, ही डार्विन यांची त्या काळातली सर्वांत धीट कल्पना नैसर्गिक निवडीची कल्पना त्यांच्याबरोबरच मांडणाऱ्या वॉलेस यांच्यासारख्या सहकाऱ्यालाही पटली नाही आणि पुढे कित्येक दशके ती बाजूलाच पडून राहिली.

आणि पुराव्याच्या सैल मापाचे काय? २००० साली रँडी थॉर्नहिल आणि क्रेग पामर यांनी बलात्काराच्या उत्क्रांतीवर पुस्तक लिहिले. बलात्कार हे स्वतंत्र अनुकूलन (निवडीने खास त्यासाठीच घडवलेली प्रवृत्ती) आहे की इतर प्रवृत्तींचे उप-फलित, यावर त्या दोन लेखकांचेच एकमत नव्हते. लहान मुली, वृद्ध स्त्रिया आणि पुरुष यांच्यावरही अत्याचार होतात, हे प्रजननाच्या फायद्याच्या हिशेबात कसे बसते, हा आक्षेप त्यांच्यावर लगेच घेतला गेला. एखाद्या पक्ष्याच्या चोचीबद्दल असा दावा करायचा असेल तर जीवशास्त्रज्ञ आनुवंशिकता, रचना आणि प्रजननातला प्रत्यक्ष लाभ या तिन्हींचे पुरावे मागतात. माणसाच्या बाईबद्दल दावा असला की एक प्रश्नावली पुरते.

काचपट्टी

पानगळ यांच्या 'कोऱ्या पाना'च्या मुद्द्याला एक जोड देतो. मी जीवशास्त्राचा माणूस आहे, मानसशास्त्राबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पण उत्क्रांतीवादी मानसशास्त्राचा एक खांब ज्या माश्यांवर उभा आहे, त्या माश्यांबद्दल बोलता येईल.

१९४८ साली अँगस जॉन बेटमन यांनी फळमाश्यांवर प्रयोग केला. बाटल्यांमध्ये थोडे नर व थोड्या माद्या ठेवायच्या आणि होणाऱ्या पिलांवरून कोणाचा संग किती जणांशी झाला ते काढायचे. त्या काळी डीएनए तपासणी नव्हती. मग पिलू कोणाचे हे कळणार कसे? बेटमन यांनी युक्ती अशी केली की प्रत्येक माशीला डोळ्यांना दिसणारे एक वेगळे उत्परिवर्तन होते: कोणाचे पंख कुरळे, कोणाचे केस खुरटे, कोणाचे डोके लहान. पिलात आईचे एक आणि बापाचे एक अशी दोन्ही लक्षणे उतरली की आईबाप दोघेही ओळखता येत. निष्कर्ष असा निघाला की नराची पिले जोडीदारांच्या संख्येबरोबर वाढत जातात, मादीची मात्र एकदोन जोडीदारांनंतर फारशी वाढत नाहीत. १९७२ साली रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी पालकीय गुंतवणुकीचा सिद्धांत (अपत्यासाठी जो अधिक कष्ट घेतो तो जोडीदार निवडताना अधिक चोखंदळ असतो, हा) मांडताना हा निबंध उजेडात आणला, आणि तिथून 'उतावीळ नर, चोखंदळ मादी' हे चित्र पाठ्यपुस्तकांत कायमचे जाऊन बसले.

२०१२ साली पॅट्रिशिया गोवॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रकारच्या माश्या घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. ज्या पिलात दोन्ही उत्परिवर्तने एकदम येत, ते पिलू मोजणीची वेळ येण्याआधीच मरण्याचा संभव जास्त होता. साध्या आनुवंशिक हिशेबाने अशी पिले एक चतुर्थांश असायला हवीत. प्रत्यक्षात ती फार कमी निघाली. म्हणजे ज्या पिलांवरून आईबाप ओळखायचे, नेमकी तीच पिले गायब होत होती. शिवाय बेटमन यांच्या मूळ आकड्यांत एक गोष्ट साठ वर्षे उघड्यावर पडून होती: त्यांच्या मोजणीत आयांच्या नावावरच्या पिलांपेक्षा बापांच्या नावावरची पिले जास्त भरतात. प्रत्येक पिलाला एक आई आणि एक बाप असताना हे शक्यच नाही. हा विसंवाद गोवॅटी यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००७ मध्येच दाखवून दिला होता.

गोवॅटी स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेतात आणि त्या काटेकोर उत्क्रांतीशास्त्रज्ञही आहेत. त्या आकड्यांकडे अविश्वासाने पाहावे असे त्यांना वाटले आणि बाकी आम्हा सर्वांना ते वाटले नाही, याचे कारण आमच्या बुद्धीत नसून त्या निष्कर्षाच्या ओळखीच्या चेहऱ्यात होते. आम्ही तो पाहिला, मान डोलावली आणि पुढे गेलो. मीही विद्यार्थ्यांना तो निबंध अनेक वर्षे न वाचता शिकवला आहे, हे कबूल करतो.

उलटतपासणी

काचपट्टी यांनी गोष्ट चांगली सांगितली, पण तिथेच थांबवली हे योग्य झाले नाही. २०१६ साली टिम यानिके आणि सहकाऱ्यांनी ६६ प्राणिजातींवरचे असे अभ्यास एकत्र करून पाहिले. जोडीदार वाढतील तसा प्रजननाचा लाभ वाढण्याचे प्रमाण नरांमध्ये सरासरीने अधिक असते, हेच त्यातून निघाले. म्हणजे बेटमन यांचा प्रयोग सदोष होता आणि तरीही त्यांचा अंदाज सरासरीपुरता बरोबर होता. प्रयोग पडला म्हणून सिद्धांत पडला, असे मानायची घाई स्त्रीवादी लिखाणात पुष्कळदा दिसते.

काचपट्टी

मान्य. मात्र 'सरासरीपुरता' हा शब्द तुम्ही वापरलात, तो पाठ्यपुस्तकांत नव्हता. अनेक जोडीदार केल्याने मादीलाही लाभ होणाऱ्या जातींची यादी आता मोठी आहे.

अर्धविराम

पानगळ यांचा पायाचा मुद्दा मला पटू लागला आहे, म्हणून माझ्या मूळ मांडणीत दुरुस्ती करते. प्रश्नांची वाटणी करून समेट होत नाही. समेट जिथे खरोखर झालेला दिसतो तिथे स्त्रीवादी नजरेने उत्क्रांतीचाच सिद्धांत बदललेला आहे, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण सारा ब्लॅफर हर्डी यांचे आहे.

हर्डी १९७१ साली राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास करायला आल्या, तेव्हा त्या हार्वर्डच्या विद्यार्थिनी होत्या. नर वानर पिलांना मारतात अशा नोंदी होत्या आणि दाटीवाटीमुळे हे विकृत वर्तन घडत असावे, असा समज होता. हर्डी यांना दिसले ते वेगळे. पिलांना मारणारा नर बहुधा बाहेरून येऊन टोळीचा ताबा घेतलेला असायचा. पिलू गेले की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि त्या नराला स्वतःचे अपत्य मिळण्याची वेळ जवळ येते. इथपर्यंतची गोष्ट नराच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि बहुतेक जण ती इथेच संपवतात.

हर्डी माद्यांकडे पाहत राहिल्या. टोळीतल्या माद्या टोळीबाहेरच्या नरांशीही संग करत होत्या, काही वेळा तर आधीच गाभण असताना. 'लाजाळू, चोखंदळ मादी' या चित्रात हे बसत नव्हते. हर्डी यांनी त्याचा अर्थ असा लावला की ज्या नराशी संग झाला आहे तो नर पिलू आपले असण्याची शक्यता धरून त्याला इजा करत नाही. म्हणजे पितृत्वाविषयीचा संभ्रम हे आईच्या हातातले पिलाच्या संरक्षणाचे साधन आहे. म्हाताऱ्या माद्या आक्रमक नराच्या अंगावर धावून जातात, हेही त्यांनी नोंदवले. अबूच्या वानरांवरचे त्यांचे पुस्तक १९७७ मध्ये आले, आणि १९८१ मध्ये त्यांनी वानरकुळातल्या माद्यांच्या स्पर्धा, डावपेच व लैंगिकता यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

इथे मूल्ये एका कप्प्यात आणि विज्ञान दुसऱ्या कप्प्यात असे काही घडलेले नाही. मादीला स्वतःचे हेतू असू शकतात, हे गृहीत धरल्यामुळे एक नवे गृहीतक तयार झाले, ते तपासता आले आणि त्याने जुन्यापेक्षा जास्त निरीक्षणांचा उलगडा केला. पुढे १९९० च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांमध्ये जमिनीतले कंद खणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे काम मोजले आणि पाळी थांबल्यानंतरही दीर्घ काळ जगण्यामागे आजीचा वाटा असावा, असे गृहीतक मांडले. त्यातही हीच पद्धत आहे. शिकारी पुरुषाकडे पाहताना जी आजी चौकटीबाहेर राहत होती, तिला आत घेतले.

पानगळ

हर्डी यांच्याबद्दल दुमत नाही. पण धागा मानसशास्त्राचा आहे. तिथे एखादी हर्डी झाली का?

उलटतपासणी

झाली की नाही हे ठरवण्यासाठी सर्वांत जास्त आकडे असलेले प्रकरण घेऊ.

डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतल्या १०,०४७ लोकांना जोडीदारात काय हवे ते विचारले. कमाईच्या शक्यतेला स्त्रियांनी सरासरीने अधिक महत्त्व दिले. तारुण्य व रूप यांना पुरुषांनी. (दोघांच्याही यादीत दयाळूपणा आणि बुद्धी बरीच वर होती, हे मात्र वर्तमानपत्रांत कधी छापून येत नाही.) १९९९ मध्ये अॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी बस यांचेच आकडे घेतले, त्यांना संयुक्त राष्ट्रांचे स्त्रीपुरुष समतेचे निर्देशांक जोडले आणि दाखवले की जिथे समता अधिक तिथे यातले काही फरक, विशेषतः कमाईबद्दलचे, कमी होतात. ज्या समाजात बाईला स्वतः कमावता येत नाही तिथे ती कमावता नवरा शोधणार, यात गुणसूत्रांचा काय संबंध, असा त्यांचा रोख होता.

अनेक वर्षे दोन्ही बाजूंनी हे दोन निबंध एकमेकांच्या अंगावर फेकले. मग २०२० मध्ये ४५ देशांतल्या १४,३९९ लोकांवर मोठी पुनरावृत्ती झाली, आणि तिने दोन्ही बाजूंना थोडे थोडे निराश केले. बस यांना आढळलेले फरक पुन्हा आढळले आणि समतेच्या निर्देशांकांवरून आवडींमधला फरक खात्रीने वर्तवता आला नाही. हा ईगली व वुड यांना धक्का आहे. पण प्रत्यक्ष जोडीदारांच्या वयातले अंतर समता वाढेल तसे कमी होत जाते, हेही दिसले.

हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आवड सांगणे वेगळे आणि निवड करणे वेगळे. आवडीचा कल टिकून राहतो आणि तरीही माणसे जगतात कशी हे बदलते, हे एकदा मान्य केले की अर्धविराम यांच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न निम्मा गळून पडतो.

ईगली व वुड यांच्या सिद्धांताबद्दल आणखी एक निरीक्षण. त्या स्त्रीपुरुषांच्या शरीरांतल्या फरकापासूनच सुरुवात करतात: पुरुषाची ताकद व आकार, स्त्रीचे गरोदरपण व अंगावर पाजणे. त्यातून कामाची वाटणी, वाटणीतून भूमिका आणि भूमिकांतून मानसिकता, अशी त्यांची साखळी आहे. म्हणजे हाडे, स्नायू आणि दूध यांवर उत्क्रांतीने काम केले, हे त्यांना मान्य आहे. मेंदूवरही तसेच थेट काम केले का, एवढाच प्रश्न उरतो. वाद आहे तो इतका अरुंद पट्ट्यातला आहे, आणि भाषा मात्र दोन धर्मांची वापरली जाते.

पानगळ

'अरुंद पट्टा' हे पटले, पण त्या पट्ट्यात मोजणी कशी होते ते जवळून पाहायला हवे. माझ्या मते आकड्यांची गर्दी असलेल्या अभ्यासांपेक्षा एली फिंकेल आणि पॉल ईस्टविक यांचा २००९ चा एक लहानसा प्रयोग अधिक शिकवतो.

झटपट ओळखीच्या ('स्पीड डेटिंग') कार्यक्रमांची रचना ठरलेली असते. बायका आपापल्या खुर्चीवर बसून राहतात. पुरुष दर थोड्या मिनिटांनी उठून पुढच्या खुर्चीकडे जातात. शेवटी प्रत्येकाने कोणाला पुन्हा भेटायला आवडेल ते लिहायचे. अशा कार्यक्रमांत बायका अधिक चोखंदळ दिसतात, आणि ते उत्क्रांतीच्या सिद्धांताचे समर्थन मानले जात होते. या दोघांनी काही कार्यक्रमांत एवढेच केले की पुरुषांना बसवले आणि बायकांना फिरवले. चोखंदळपणातला फरक नाहीसा झाला. जो उठून चालत जातो त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि समोरचा त्याला अधिक आवडू लागतो. जो बसून राहतो तो पारख करू लागतो. खुर्ची कोणाला दिली यावर स्वभाव ठरत होता, आणि इतकी वर्षे ती खुर्ची कोणाला दिसलीच नव्हती.

मला स्त्रीवादी मानसशास्त्राकडून हेच हवे आहे. 'सर्व काही समाजाने घडवले' हे घोषवाक्य मला नको आहे. प्रयोगाच्या खोलीतली खुर्ची दिसली पाहिजे.

ओलावा

मी या विषयातली नाही, नियमित वाचक आहे, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. याच जातकुळीचा दुसरा एक प्रसिद्ध प्रयोग मी वाचला होता. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यापीठाच्या आवारात अनोळखी व्यक्तीने येऊन थेट शय्यासोबतीचा प्रस्ताव ठेवला. सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांनी होकार दिला आणि एकाही बाईने दिला नाही. हे वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो प्रजननाचा नव्हता, तर 'हा माणूस मला जिवंत परत येऊ देईल का' हा होता. त्या प्रयोगात बायकांना आणि पुरुषांना एकच प्रश्न विचारला गेला, असे संशोधकांना खरोखर वाटले असेल का?

काचपट्टी

ओलावा, तुम्ही विषयातल्या नाही असे म्हणू नका. टेरी कॉन्ली यांनी २०११ मध्ये नेमके हेच तपासले. प्रस्ताव देणाऱ्या पुरुषापासून सुरक्षितता कितपत वाटते आणि त्यातून सुख मिळण्याची अपेक्षा किती, हे हिशेबात घेतल्यावर फरक बराच आक्रसतो. पुढे २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात सुरक्षित वाटेल अशा मांडणीत पुष्कळ बायकांनी होकार दिला.

उलटतपासणी

'आक्रसतो' म्हणजे प्रत्येक मांडणीत शून्य होतो असे नाही, हे नोंदवून ठेवतो. परंतु ओलावा यांच्या प्रश्नातून मला एक वेगळी वाट दिसते, जी धाग्याच्या मूळ विषयाच्या अधिक जवळची आहे. पुरुषाकडून होऊ शकणाऱ्या इजेची भीती हे 'सामाजिक' कारण आणि पालकीय गुंतवणूक हे 'जैविक' कारण, असे आपण का धरून चाललो आहोत? नराची जबरदस्ती हा मादीच्या बाजूने निवडीचा दाबच (कोणते गुण टिकतील हे ठरवणारी परिस्थिती) असतो. बार्बरा स्मट्स यांनी १९९५ मध्ये पितृसत्तेच्या उत्क्रांतीवर निबंध लिहिला, तो याच धाग्यावर आहे. वानरकुळातल्या निरनिराळ्या जातींची तुलना करून त्यांनी दाखवले की माद्यांना एकमेकींचा आणि नातलगांचा आधार जितका कमी, तितकी नरांची दांडगाई जास्त. बोनोबो या चिंपांझींच्या जवळच्या जातीतल्या माद्या जूट करून राहतात आणि त्यांच्यावर नरांची फारशी चालत नाही. चिंपांझींमध्ये बहुधा माद्या एकट्या पडतात आणि मार खातात. माणसात लग्नानंतर माहेर तुटणे, पुरुषांची आपसातली युती आणि साधनसंपत्तीवरचा पुरुषांचा ताबा ही कारणे त्यांनी याच मालिकेत मांडली.

पानगळ यांनी विचारले होते की इथे हर्डी झाली का. माझ्या मते हे उत्तर आहे. पितृसत्ता हा स्त्रीवादाचा शब्द आणि निवडीचा दाब हा उत्क्रांतीचा शब्द, दोन्ही एकाच वाक्यात आले आणि वाक्य तपासता येण्याजोगे राहिले.

पानगळ

हे उत्तर मी स्वीकारते, आणि त्यात भर घालते. २०२० मध्ये चीनमधल्या मोसुओ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच समाजाच्या काही वस्त्या मातृवंशीय आहेत आणि काही पितृवंशीय. पितृवंशीय वस्त्यांमध्ये शरीरातल्या दीर्घकालीन दाहाचे (रोगप्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहण्याचे) प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होते. मातृवंशीय वस्त्यांमध्ये, जिथे घर व मालमत्ता बायकांकडे असते, हे उलटे झालेले आढळले, रक्तदाबाचेही तसेच. भाषा तीच आणि पूर्वज तेच, तरी घर कोणाच्या नावावर आहे हे रक्तात उतरते. जैविक म्हणजे अटळ, असे म्हणणाऱ्यांना मी यापुढे हेच दाखवणार आहे.

उलटतपासणी

दाखवा, पण आपल्या बाजूच्या आवडत्या निष्कर्षांनाही तीच चाळणी लावा. २०२३ मध्ये एका निबंधाने जाहीर केले की शिकार व अन्नसंकलन करून जगणाऱ्या ६३ समाजांपैकी ७९ टक्के समाजांत स्त्रिया शिकार करतात, आणि जगभर मथळे झळकले की पुरुष शिकारी ही दंतकथाच होती. २०२४ मध्ये विवेक वेंकटरामन आणि अनेक सहकाऱ्यांनी मूळ नोंदी तपासल्या तेव्हा समाज निवडण्यात आणि नोंदींचे वर्गीकरण करण्यात बऱ्याच चुका निघाल्या. स्त्रिया काही ठिकाणी शिकार करतात हे खरे, आणि कामाची लिंगानुसार वाटणीही खरी, असा त्यांचा निष्कर्ष होता. बेटमन यांचे आकडे साठ वर्षे कोणी तपासले नाहीत, कारण निष्कर्ष ओळखीचा वाटला; इथे निष्कर्ष हवाहवासा वाटला.

पानगळ

तो निबंध मी स्वतः पुढे पाठवला होता. पुढचे तुम्ही म्हणालात तेच.

ओलावा

एक शंका विचारते. दोन्ही बाजू बरोबर असू शकतात, हे आता समजले. पण मग दोघांपैकी कोणी चूक ठरेल असे काही उरले आहे का?

अर्धविराम

ओलावा, शंका नेमकी आहे, म्हणून मीही तीच विचारते. उलटतपासणी आणि पानगळ, वरच्या अरुंद पट्ट्यात कोणता निकाल आला तर तुम्ही आपापले मत बदलाल?

उलटतपासणी

कमाई, वारसा आणि शारीरिक सुरक्षितता या तिन्हींत स्त्रीपुरुष बरोबरीने असलेल्या समाजांत, प्रश्नावलीऐवजी प्रत्यक्ष निवडी मोजल्या आणि कमाईबाबतचा फरक शून्याजवळ गेला, तर त्या आवडीमागे स्वतंत्र मानसिक अनुकूलन आहे हे मत मी सोडून देईन. २०२० चा निकाल मला याच्या उलट दिशेचा वाटतो, पण ज्या निर्देशांकांनी समता मोजली गेली त्यांत घरातली सुरक्षितता जवळजवळ नसते, हे मला मान्य आहे.

पानगळ

अशा समाजांत, खुर्च्यांची अदलाबदल करूनही, फरक होता तेवढाच राहिला तर मी माझे मत सोडून देईन. 'अजून पुरेशी समता आली नाही' अशी पळवाट मी काढणार नाही, कारण ती कायमचीच उपलब्ध असते.

काचपट्टी

हे दोन्ही प्रतिसाद जतन करून ठेवत आहे. दोघांनीही चौकट तीच सांगितली आहे, फक्त पैज उलट लावली आहे.

अर्धविराम

पुढचे सत्र दोन आठवड्यांनी सुरू होते. या वेळी टेकड्यांचे आलेख शेवटी काढेन. आधी वर्गातल्या खुर्च्या समोरासमोर मांडून निम्म्यांना बसवणार आहे आणि निम्म्यांना फिरायला लावणार आहे, मग जागा बदलून पुन्हा तेच. आणि प्रत्येक फेरीनंतर कोण किती चोखंदळ झाले ते त्यांनाच फळ्यावर लिहायला सांगेन. वही मिटणारी ती मुलगी पुढच्या वर्षातही माझ्याकडेच आहे. तिला पहिल्या फेरीत फिरायला सांगेन.

ओलावा

आकडे इथे टाका. आणि तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाला पहिल्या फेरीत बसवून ठेवा.